ओपलचा पलंग पुढच्या बाजूला होता

मित्रांनो, माझी चाकं काढून नेली आहेत, तेव्हा मी अजून ट्रेलर आहे की नाही, कोण जाणे. वायोमिंगमधल्या एका भंगाराच्या आवारात मी लाकडी ठोकळ्यांवर टेकून उभा आहे. पण एके काळी मी पिकअपच्या मागे धावणारं, चाकांवरचं घर होतो.

इंडियानातल्या एका कारखान्यात मी तयार झालो. वर्लिन टकर आणि त्याची बायको ओपल यांनी मला विकत घेतलं. वर्लिन गुरांच्या कुरणांतल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. माझ्यात पुढच्या बाजूला ओपलचा पलंग होता, मागे स्वयंपाकघर. एकवीस उन्हाळे आम्ही तिघं हिंडलो.

निघताना वर्लिन कधी घाई करत नसे. जड सामान चाकांच्या पुढे ठेवायचा, हलकं मागे. माझ्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पिकअपला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर यायला हवा, म्हणून तो दांड्याखाली वजनकाटा लावून बघायचा. शेवटी डोलणं आवरणारी पोलादी पट्टी घट्ट बसवायचा.

ओपल पायरीवर बसून कॉफी पीत म्हणायची, "लग्नाच्या दिवशी मला एवढं निरखलं नव्हतंस."

"तू कुठे डोलत होतीस?" तो म्हणायचा.

मुलगी जोलीन गाडी शिकली तेव्हा त्यानं तिला बजावलं होतं, "हा शेपटीसारखा हलायला लागला, तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताच्या खटक्यानं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा."

मग एका हिवाळ्यात ओपल आजारी पडली आणि गेली. सात महिने माझं दार कुणी उघडलं नाही. ऑक्टोबरात जोलीन वडिलांना नेब्रास्काला, आपल्या घरी न्यायला आली. वर्लिन ओपलच्या वस्तू माझ्यात भरू लागला. लोखंडी शिवणयंत्र आणि तिनं बरण्यांत भरून ठेवलेल्या पीचचे बारा खोके त्यानं मागे, स्वयंपाकघरात रचले.

शेजारचा ड्वेन कुंपणापाशी आला. "वर्लिन, सगळं मागे कोंबलंयस. पट्टीही लावली नाहीस. असा जाणार आहेस?"

"पुढे जागा नाही."

"पलंग रिकामा आहे की."

वर्लिननं हातातला खोका मागेच ठेवला. "तिच्या अंथरुणावर खोके नाही ठेवणार मी," तो म्हणाला. ड्वेन पुढे काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

गाडी वर्लिन चालवत होता, जोलीन शेजारी बसली होती. दुपारी एका लांब उतारावर आडवा वारा सुटला. शेजारून मोठा ट्रक वेगानं पुढे गेला. त्याच्या झोतानं मला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. माझा मागचा भाग जड, दांडा हलका. मी डोलू लागलो. थांबायचं होतं मला, पण थांबता येईना. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होता.

वर्लिनचा पाय ब्रेकवर गेला.

"बाबा, ब्रेक सोडा," जोलीन म्हणाली. "खटका दाबा, बाबा." तिनं हात लांब करून खटका स्वतःच दाबला. उशीर झाला होता. मी पिकअपला रस्त्याखाली ओढत नेलं आणि आम्ही दोघं उलटलो.

जोलीन वाचली. वर्लिनही वाचला, पण पुन्हा चालू शकला नाही.

वसंतात जोलीन त्याला चाकांच्या खुर्चीतून या आवारात घेऊन आली. आवाराचा मालक सहज म्हणाला, "हे जुने ट्रेलर वाईटच. भरवशाचे नाहीत."

वर्लिननं माझ्या वाकलेल्या दांड्यावर हात ठेवला. "याचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "भरलं मी होतं. कसं भरायचं ते मला माहीत होतं."

"बाबा, पुरे आता," जोलीन म्हणाली.

"सांगू दे. कुणाला तरी सांगायला हवं."

तो पुढच्या थंडीत वारला, असं ड्वेन इथं सुटे भाग घ्यायला आला तेव्हा कळलं.

मित्रांनो, सामान नीट भरा, पट्टी लावा, वेग आवरा, हे तर मी सांगेनच. पण मन ठिकाणावर नसेल, त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. आणि शेजारी असा दुःखात गाडी भरताना दिसला, तर कुंपणापाशी गप्प राहू नका. आत जा. खोके उचलून पुढे ठेवा. तो रागावला तरी चालेल.