ताईची फीत, धाकटीची पिशवी

उघड्या खाणीत तांब्याचा दगड कुठे संपतो आणि टाकाऊ दगड कुठे सुरू होतो, हे ताई सांगायची. तिने लाल फीत बांधली की आतला माल क्रशरच्या ट्रकमध्ये जायचा, बाहेरचा टाकाऊच्या ढिगाऱ्यावर. पोकलेनवाल्याला सगळे डुलकी म्हणत, कारण दोन ट्रकच्या मधल्या वेळात तो झोप काढायचा. पण बादली टेकवण्याआधी त्याची हाक ठरलेली, "ताई, कुठून उचलू?" त्या एका हाकेवर ताईचा दिवस गोड जायचा.

मग तिची धाकटी बहीण त्याच खाणीत कामाला लागली. फितीची गाठ तिला ताईनेच शिकवली. आणि थोड्याच दिवसांत डुलकी विचारू लागला, "धाकट्या ताई, तुमचं काय म्हणणं?" ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेल्यावर तिने भांडी जरा जास्तच आपटली.

"ताई, भांड्यांनी काय केलं?"

"तू गप जेव."

फीत कुठे बांधावी याबद्दल धाकटीचं म्हणणं साधं होतं. कपाट गच्च कोंबलं आणि दार उघडलं, तर कपडे कुठे कोसळतात? दाराकडेच. सुरुंगाचंही तसंच. कड्याची एक बाजू मोकळी असते. फुटलेला दगड तिकडे सरकतो, त्याच्याबरोबर तांब्याचा दगडही सरकतो. फीत मात्र जुन्या खुणेवरच बांधली, तर सरकलेलं तांबं फितीबाहेर राहतं आणि ढिगाऱ्यात कायमचं गाडलं जातं. म्हणून धाकटीने सुरुंगाआधी तांब्याच्या कडेला छिद्रं पाडून त्यांत वाळूच्या पिवळ्या पिशव्या पुरल्या. पिशवी जिथे निघेल, तिथवर तांबं.

सुरुंग उडून धूळ बसल्यावर पिशव्या दिसल्या, चांगल्याच पुढे सरकलेल्या. फक्त सगळ्यात खोल पुरलेली सापडली नाही. धाकटीने आपली फीत पुढे बांधली. ताईने आपली नेहमीच्या जागी.

मुकादमाने डोकं खाजवलं. "फिती दोन, बादली एक. काय करू?"

"वरवरच्या पिशव्या उडणारच," ताई म्हणाली. "खालचा दगड जागच्या जागी बसतो. इतकी वर्षं फीत बांधतेय, कधी तक्रार आली?"

"टाकाऊत गाडलेला दगड तक्रार करायला येणार कसा, ताई?"

डुलकी खो खो हसला. मुकादमही. ताईने फितीची रिळं पुढे धरली.

"आज माझ्या फितीने खोदा, मुकादम. नाहीतर ही रिळं उद्यापासून तिच्याकडेच द्या."

मुकादमाने ताईचा मान राखला. धाकटी लांब जाऊन उभी राहिली. ते लांब जाणंसुद्धा ताईला टोचलं.

दोन्ही फितींमधला दगड टाकाऊच्या ट्रकमध्ये पडू लागला. ताई ट्रकच्या पलीकडच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभी होती. फुटलेल्या दगडाच्या तळातून भरलेली बादली रिकामी झाली आणि ट्रकच्या काठावर काहीतरी पिवळं लोंबलं. फाटकी पिशवी, ती न सापडलेली, सगळ्यात खोल पुरलेली. तिच्याभोवती हिरवट झाक असलेले दगड. तांबं.

डुलकीच्या खिडकीतून ही बाजू दिसत नव्हती. मुकादमाची पाठ होती. ट्रक हलला असता, तर पिशवी ढिगाऱ्याखाली गेली असती आणि हाक पुन्हा ताईची झाली असती. तिने ओठ घट्ट मिटले. ट्रकने भोंगा दिला.

"थांब! अरे थांब म्हणते ना!" ताईचा हात वर गेला होता. "हा क्रशरला ने."

सगळे पळत आले. धाकटीने पिशवी पाहिली, मग ताईकडे. हसली नाही. हसली असती, तर ताईला बरं वाटलं असतं. रागवता तरी आलं असतं.

डुलकीने खिडकीतून मान काढली. "मग आता कुठून उचलू? आणि विचारू कुणाला?"

ताईच्या पोटात अजून दुखतच होतं.

"तिला विचार," ती म्हणाली आणि पुढच्या फितीपाशी जाऊन खाली बसली. "पण फीत मीच बांधणार. हिची गाठ बघ, शेंबड्या पोराच्या बुटाची बरी."

"तूच शिकवलीस ना?" धाकटी तिच्या शेजारी टेकली.

"शिकवली होती नीट. हात पुढे कर. परत दाखवते."