आप्पांची दाढी

स्मृतिभ्रंशाने माझ्या वडिलांना ग्रासले, तेव्हापासून मी त्यांना परका झालो. मी व्यवसायाने न्हावी, परंतु घरी वस्तरा हाती घेऊन "आप्पा, मी तुमचा मुलगा," असे म्हणताच ते भयभीत होऊन भिंतीला चिकटत व ओरडत, "माझा मुलगा एवढा म्हातारा नाही!" दाढी वाढून त्यांच्या गालांना खाज सुटली, तरी मी माझा हट्ट सोडीना. त्यांनी मला एकदा ओळखावे, एवढीच माझ्या जिवाची तळमळ होती.

अखेर पत्नी म्हणाली, "अहो, मुलगा होऊन पाहिलंत. आता नुसते न्हावी होऊन बघा."

मी बाहेर जाऊन दार वाजविले व पाहुण्यासारखा आत आलो.

"नमस्कार साहेब. दाढीसाठी बोलावलंत ना?"

"केव्हाचं बोलावलंय!" आप्पा स्वतःहून खुर्चीवर बसले. "आणि कान जपा हं माझे, दोनच आहेत."

मी फेस लाविला. बालपणी ज्या गालावर मी माझा गाल घाशीत असे, त्यावर वस्तरा फिरविताना माझे डोळे भरून आले. तथापि हात स्थिर राहिला. सेवेच्या बदल्यात ओळख मागणे हाही एक लोभच आहे, हे मला त्या क्षणी उमगले.

"वडील आहेत का तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"आहेत."

"मग लवकर आटपा आणि घरी जा. वाट बघत असतील हो ते."

"जातोच, साहेब," असे म्हणून मी त्यांचा दुसरा गाल हलकेच माझ्याकडे वळविला.