तिसऱ्या रेकॉर्डनंतर

आई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असायची, म्हणून बाबांनी हा रेकॉर्ड चेंजर आणला. वर सहा रेकॉर्ड रचल्या की एक संपताच दुसरी आपोआप खाली पडायची. आमचा मात्र तिसरीनंतर हटून बसायचा. आई चरफडत उठायची, कंबर सरळ करायची, पाणी प्यायची आणि खटका दाबून त्याला पुन्हा सुरू करायची. "तुमच्या बाबांना दुकानदाराने चांगली टोपी घातली," हे आम्ही भावंडांनी जन्मभर ऐकलं. बाबा सुतार. रंधा मारता मारता नुसते गालात हसायचे.

बाबा गेल्यावर जुन्या यंत्रांचा एक शौकीन तो चेंजर विकत घ्यायला आला. उघडून बघताना त्याने चिमट्याने लाकडाचा इवलासा तुकडा बाहेर काढला.

"ही पाचर कुणीतरी मुद्दाम बसवलीय. कडा बघा, पॉलिश पेपरने घासल्यात. आता सहाच्या सहा वाजतील."

आईने कडांवरून बोट फिरवलं. "लबाड माणूस!" म्हणत डोळे पुसले.

"पाचर होती तिथे बसवा," ती शौकिनाला म्हणाली. "विकायचा नाही. माझ्या वयाच्या शिवणारणी कंबरेत वाकल्यात. मी अजून ताठ चालते, ते उगीच नाही."