पुलावरचे मृत्यू

नव्या आवृत्तीतला दरीवरचा पूल एकाही गटाने ओलांडलेला नाही. गटांकडून आलेल्या निकालपत्रकांनुसार जुन्या आवृत्तीत तीनांतला एक गट पलीकडे पोहोचत असे. दोन्ही पुस्तकांत त्या पानाचा मजकूर अक्षरशः सारखा आहे.

आमचा खेळ कथेचा. एक जण सूत्रधार. बाकीचे पात्रं होऊन फासे टाकतात, जगतात किंवा मरतात. नियम माझे, नकाशे दादाचे, उरलेलं सगळं वहिनी बघायची. एकोणीस वर्षांनी एका खेळण्यांच्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं आणि नवी आवृत्ती छापली. आता तिच्या व्यवस्थापकाने महिनाअखेरपर्यंत पुलाचं कारण मागितलं होतं. ते सापडलं नाही, तर खेळ बंद.

मी नवे फासे सहाशे वेळा टाकून पाहिले. खोट नव्हती. मग माझंच गणित पुन्हा मांडलं. माझ्या नियमांप्रमाणे पूल ओलांडण्याची शक्यता हजारात चार होती. नवे निकाल बरोबर होते. अशक्य होते ते जुने.

मी वहिनीकडे गेले. कंपनीने तिला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"या वन्सं. पूल पडला वाटतं?"

मी आकडे सांगितले. तिचा हात थांबला नाही. जुनं पुस्तक बाजारात आल्यापासून तिला सूत्रधारांचे फोन येत, म्हणाली. सगळे मेले, आता काय करू, असं विचारत. ती सांगे, आधी दोर बांधायला लावा, मग फासे दोनदा टाकू द्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्या गणितात चूक नसते. मग तुमच्याशी डोकं फोडण्यापेक्षा फोन उचलणं सोपं वाटलं."

मी अहवाल पाठवला. व्यवस्थापकाचं दोन ओळींत उत्तर आलं: कारण पटलं, छापलेल्या चाळीस हजार प्रती बदलणं परवडणारं नाही, खेळ थांबवत आहोत.

अहवालातलं कारण असं. पूल ओलांडायचा नियम पुस्तकात कधीच नव्हता. तो वहिनी फोनवर सांगत असे. विक्रीच्या वेळी कंपनीने अनावश्यक पदांची यादी मागितली होती. तीत एकच पद होतं, फोन घेणारीचं. यादी मी केली होती.