एका वेळी एकच माणूस

मी एक जुना फिरता दरवाजा आहे, मित्रांनो. एक खांब, तीन लोखंडी दांडे आणि खांबाच्या पोटात आकडे दाखवणारं मीटर. माणूस आत शिरताना दांडा ढकलायचा, मी खट् करायचो, आकडा एकाने पुढे जायचा. माझे दांडे जोडणारा वेल्डर अभिमानाने म्हणाला होता, "हा एका वेळी एकालाच सोडेल!" मला ती शाबासकी वाटली. ती शिवी होती, हे मैदानावर आल्यावर कळलं.

क्रीडा समितीने मला वस्तीच्या मैदानाच्या तोंडाशी रोवलं. अध्यक्षांनी दांड्यावरून हात फिरवला. "आता कळेल, किती लोक खेळायला येतात!" टाळ्या पडल्या. आत मोकळं रान, दारात मी दरवान; छाती फुगली माझी.

चार दिवसांत वस्ती माझ्यावर उलटली. व्हॉलीबॉलच्या मुलींची चेंडूंची पिशवी माझ्यात अडकायची. लेकराची गाडी घेऊन आलेली आई परत जायची. आणि सिस्टर! निवृत्त नर्स, गुडघे दुखणाऱ्या चौदा बायकांना झाडाखाली व्यायाम शिकवायच्या. त्यांचा चार पायांचा वॉकर माझ्यात शिरेना. "मेल्या, तुझ्या बापाचं मैदान आहे का?" म्हणत त्यांनी तोच वॉकर माझ्यावर आपटला. मीही कमी नव्हतो. त्यांच्या पोटात दांडा रुतवला.

मागची भिंत एका जागी ढासळली होती. सगळे तिथून येऊ लागले. मैदान गजबजलं आणि माझं मीटर मात्र झोपलं. मला आसुरी आनंद होत होता. या म्हणावं चोरवाटेने, मी कुणाला मोजणार नाही!

असं वर्ष गेलं, मग पालिकेचे इंजिनिअरसाहेब आले. मैदान ठेवायचं की तिथे गाड्या लावायच्या, हे ठरणार होतं. त्यांनी फक्त माझं, दर आठवड्याला शून्यावर आणलं जाणारं मीटर पाहिलं. "आठवड्यात एकोणीस माणसं. लोकांनाच खेळ नकोय."

सिस्टर आतून तरातरा आल्या. "मग आम्ही काय भुतं आहोत? चौदा जणी गुडघे वाकवतोय इथे!"

"मीटरवर नाही आहात तुम्ही."

"डोळे कशाला दिलेत देवाने? चष्मा टांगायला?"

"बाई, रीतसर दारातून या, मग मोजतो."

"तुम्हीच या की! हा घ्या माझा वॉकर." त्यांनी तो दांड्यावरून पलीकडे दिला.

साहेब इरेला पेटले. वॉकर घेऊन घुसले आणि अडकले. ना आत, ना बाहेर. पुढे वॉकर आडवा, मागे दांडा.

"काका, पोट आत घ्या!" व्हॉलीबॉलची एक मुलगी ओरडली.

धडपडीत माझा दांडा हलला. खट्. आकडा वीस झाला.

सिस्टर वाकून मीटर पाहत म्हणाल्या, "अभिनंदन साहेब! आत न येताच मोजले गेलात."

हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. सुटल्यावर त्यांनी एकच हुकूम सोडला: "भिंत आजच बुजवा!"

भिंत बुजली. दुसऱ्या दिवशी चौदाजणी माझ्यासमोर भर रस्त्यात व्यायामाला उभ्या राहिल्या. गाड्या भोंगे वाजवत होत्या, ड्रायव्हर शिव्या देत होते, सिस्टर मोजत होत्या, "एक, दोन, गुडघा वर!" आठवडाभर माझ्या मीटरवर एकही माणूस चढला नाही आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी रहदारी तुंबली म्हणून समिती आली. माणसं आत का येत नाहीत, हे अध्यक्षांना तेव्हा दिसलं.

मला कटरने कापलं. माझी जागा मोकळी, रुंद ठेवली. मैदान वाचलं, तरी रस्त्याकडचा तुकडा गाड्यांसाठी गेलाच. माझ्याजवळून वॉकर नेताना सिस्टर थांबल्या. माफीबिफी काही नाही. "वर्ष खाल्लंस आमचं," एवढंच म्हणाल्या.

आता मी पंपाच्या खोलीमागे गंजत पडलो आहे. कालच साहेब कुणाला तरी नव्या क्रीडागृहाचा नकाशा दाखवत होते. त्यात दारापाशी माझ्यासारखे दोन काढलेत.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे मायेचा हात मागतात. मी उलटं मागतो. मला तेल घालू नका, रंग देऊ नका, पुन्हा उभं करू नका. कुणी मैदान आखायला निघालं, तर त्याला माझ्याकडे आणू नका. दारावरून माघारी गेलेल्या त्या लेकुरवाळ्या आईचं घर शोधा आणि आधी तिला विचारा.