चांदणीच्या चरातली सुई

मी एक जुने यंत्र आहे, मित्रांनो. दोन मुठी, एक सुई आणि चांदणीच्या आकाराचा चर, एवढाच माझा संसार. डावी मूठ फिरवली की सुई आडवी सरकते, उजवी फिरवली की उभी. तिरके जायला दोन्ही हात एकदम हवेत. सुई कडेला टेकली की माझ्या पोटातली घंटा

ट्रर्र

वाजते. अशी. चरातून बाहेर वाट नाही. सुईला नाही, मलाही नाही.

मिस्त्रीने मला घडवले तेव्हा मुठी लोण्यासारख्या फिरत. सगळ्यांनी वाखाणले. मग गोदीतल्या बिनखिडकीच्या खोलीत क्रेनवाल्यांची परीक्षा घ्यायला मला टेबलाला स्क्रूने आवळले.

एकदा आजारातून उठलेली क्रेनवाली आली. नापास झाली तर क्रेन सुटणार, आणि गोदामात जाळीआड जन्मभर शिक्के मारणे नशिबी येणार.

पहिल्या फेरीत ती औषधाच्या गुंगीत होती. डावा हात निघाला, उजवा

ट्रर्र

मागेच राहिला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी दार लावले, घंटा मोठी केली. भीतीने हात पळतात, अशी त्यांची समजूत.

"अहो बाई, झोपा काढायला आलात? आता एकच फेरी देतो!"

सरावाला म्हणून तिने मुठी धरल्या. हात पळाले, पण दोन दिशांना. ट्रर्र. ट्रर्र. ओरडत मीच होते, आणि मला गप्प बसता येईना.

दार ढकलून तिची नणंद पाणी घेऊन आत आली. "वहिनी, एका हाताने पोराचं नाक पुसत दुसऱ्याने माझी वेणी ओढतेस, आणि ह्या डबड्याला घाबरतेस?"

"तुझी वेणी आहेच कुठे, शेपूट आहे ते!"

क्रेनवाली हसली. खांदे उतरले, डोळे मात्र टक्क जागे. ना गुंगी, ना धास्ती. दोन्ही मुठी एकमेकींना विचारल्यासारख्या फिरल्या. सुई कोपऱ्यामागून कोपरा वळली. मी गप्प. पास!

नणंद-भावजय गेल्या. साहेब खुशीत म्हणाले, "बघा, दम दिला की जमतं!" आणि पुढच्या माणसासाठी घंटा आणखी

ट्रर्र

मोठी केली.

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे. मित्रांनो, कुणाचे हात अडखळले तर ओरडू नका. तो पेंगलाय की घाबरलाय, एवढे आधी बघा. माझी सुई शेवटच्या माणसाने सोडली तिथेच, कडेला टेकून आहे. घंटेची तार काढलीये, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही, इतकेच.