आतल्या बाजूचं धुकं

मी एका करड्या, जुन्या गाडीची समोरची काच बोलतेय. गाडी गॅरेजच्या छपराखाली उभी आहे आणि आत कुणी नाही. तेवढ्यात माझं ऐकून घ्या.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून मला घडवलं, तापवून हलकेच वाकवलं आणि मधे पारदर्शक पापुद्रा घालून माझ्यासारख्याच दुसऱ्या काचेला चिकटवलं. का, तर उद्या मी फुटले तरी माझे तुकडे माणसांच्या अंगावर उडू नयेत. आम्हा काचांना फुटण्याची तयारी जन्मतःच करावी लागते.

पहिल्या मालकाने मला बाहेरून चकाचक ठेवलं. आतून मात्र एकदाही फडकं लावलं नाही. मग मी आले उस्तादांकडे. उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं शहरातली बस चालवली, पण कुणाला साधा धक्का लागू दिला नाही, म्हणून डेपोतल्या सोबत्यांनी दिलेली ती पदवी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली ती लेकीसाठी. लेक मोठ्या दवाखान्यात नर्स. सकाळी सातला तिची पाळी सुरू व्हायची.

"तू स्टॉपवर भिजत उभी राहणार आणि मी घरात चहा पीत बसणार? ते जमायचं नाही," असं म्हणून उस्ताद रोज तिला सोडायला निघत. लायसन्स लेकीकडेही होतं. पण ती चालवायला बसली, की शेजारी उस्तादांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत राहायचा. शेवटी तिने नाद सोडला.

त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. खिडक्या बंद, मागच्या सीटवर थेंब गळणारा रेनकोट, पायाशी ओली छत्री आणि दोघांचे श्वास. ती सगळी वाफ माझ्या गार अंगावर येऊन बसायची. उस्ताद तळहाताने मला खसाखसा पुसायचे. हाताचा तेलकटपणा मला लागायचा आणि धुकं आणखीच चिवट व्हायचं.

"काचच नालायक आहे," उस्ताद म्हणायचे. काच काय बोलणार?

एके सकाळी वळणावर एक सायकलवाला आडवा आला. खरं तर तो सरळच चालला होता, आडवे आम्ही गेलो. लेक किंचाळली, "बाबा, ब्रेक!" गाडी त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. माणूस बॉनेटवर हात टेकून उभा राहिला.

"काका, दिसत नाही का?"

"काच धुरकटलीय हो. चुकलं माझं," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी दोष माझाही होता, हे मी कबूल करते.

संध्याकाळी लेकीने उस्तादांसकट मला थेट गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रीने मला बोट लावलं आणि बोटावरचा काळा डाग तिला दाखवला.

"ताई, पाणी बाहेरच्या बाजूला नाहीच, आतल्या बाजूला आहे. ओली छत्री, रेनकोट डिकीत टाका. पायाखालचे मॅट वाळवा. आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा येऊ द्या, एसी लावा आणि झोत काचेवर सोडा."

"पावसात एसी?" उस्ताद फिसकन हसले. "आम्हाला न्यूमोनिया करणार का?"

"काका, एसी हवेतलं पाणी ओढून घेतो. थंडी वाजली तर सोबत हीटर लावा. आणि या काचेला आतून एकदा अंघोळ घाला. किती वर्षांचा मळ आहे हा!"

सुट्टीच्या दिवशी लेकीने साबणाच्या पाण्याने मला आतून धुतलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं. तीनदा फडकं बदललं. इतकं हलकं मला भट्टीतून बाहेर पडतानाही वाटलं नव्हतं. मॅट वाळवले, बटणं समजून घेतली. पुढचे दोन दिवस धो धो पाऊस. पण माझ्यावर वाफेचा ठिपका नाही.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला उस्ताद कुरकुरले, "पुन्हा चढलं बघ धुकं. तुझ्या मिस्त्रीचे उपाय दोन दिवसांचे."

लेकीने माझ्यावर बोट फिरवलं. मी कोरडी ठणठणीत होते.

"बाबा, पुढच्या ट्रकचा नंबर वाचा."

"वाचतो की. आधी काच पूस."

"काच कोरडी आहे."

उस्तादांनी वायपरचा वेग वाढवला.

"सिग्नलच्या दिव्याभोवती तुम्हाला कडं दिसतंय?"

"ते पावसामुळे सगळ्यांनाच दिसतं."

"मला नाही दिसत, बाबा."

दिवा हिरवा झाला. उस्तादांनी इंडिकेटर दिला, चौक ओलांडला आणि बस स्टॉपला लावावी तशी गाडी अलगद कडेला घेतली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"वर्ष होईल. मला वाटायचं, काच जुनी आहे." मग स्वतःच म्हणाले, "वाटून घेत होतो म्हण. अगं, तो सायकलवाला... तीस वर्षं मी कुणाला..."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं वर्षभर माझं चाललं होतं. पण त्या घडीला मला राग आला नाही. ज्याने आयुष्यभर नजरेच्या जोरावर भाकरी मिळवली, त्याने नजरेवर संशय तरी कसा घ्यावा?

"मोतीबिंदू असेल," लेक म्हणाली. "ऑपरेशनने बरा होतो. उठा, इकडे बसा. मला उशीर होतोय."

उस्ताद उतरले आणि छत्री न घेताच माझ्यासमोरून पावसात चालत पलीकडे गेले. दवाखाना येईपर्यंत त्यांचा उजवा पाय एकदाही हलला नाही.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, त्या सकाळी उस्ताद स्टिअरिंगवर बसले आणि किल्ली फिरवायचंच विसरले.

"चिमणे, या काचेवर एवढे ओरखडे? आणि कोपऱ्यात हा तडा कधी गेला?"

"दीड वर्ष झालं, बाबा. दगड उडाला होता. तुम्हीच चालवत होता."

"आणि हिने एवढे दिवस काढले?" ते माझ्याकडे बघत राहिले. लोक माझ्यातून बघतात. माझ्याकडे बघणारा पहिला माणूस तोच. आणि त्याच दिवशी मला बदलायचं ठरलं. तडा गेलेली काच पावसाळ्यात गाडीला ठेवू नये, हे बरोबरच आहे.

जाता जाता एकच मागणं. आतून पुसून, हवा खेळती ठेवूनही समोरचं पुसट दिसलं, तर गाडी बाजूला घ्या आणि शेजारच्याला विचारा, "तुला दिसतंय का?" विचारायला लाज वाटेल. तरी विचारा.

मिस्त्री आलाय. माझ्या कडेचा गोंद कापायला त्याने पातळ पातं घातलंय. उस्ताद त्याच्या शेजारी उभे आहेत.

"जरा हळू रे," ते त्याला सांगतायत, "तिला लागेल."